बिनपगारी पाहुणी

राळेगणसिद्धीला मी आजवर तीनदा गेलो. पहिल्या खेपेस शाळेची सहल घेऊन गेलो होतो आणि तिसऱ्या खेपेस एका नातलगाच्या कामासाठी. मधल्या खेपेविषयी हे लिहीत आहे; कारण त्या वेळी मी दुभाषी होतो, आणि दुभाष्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकावा लागतो.

1994 सालचा उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता. आमच्या धर्मग्रामातील धर्मभगिनींच्या दवाखान्यात जर्मनीहून एक तरुणी वर्षभराच्या सेवेसाठी आली होती. तिचे नाव येथे देत नाही. गावाने तिला केव्हाच ‘ताई’ करून टाकले होते, तेवढे पुरे. ती एका खेड्यातील शेतकऱ्याची मुलगी. गाईगुरांत वाढलेली, परिचर्येचे शिक्षण घेतलेली, चोवीस वर्षांची. पगार नाही, राहणे, जेवण आणि टपालखर्चापुरते चार पैसे एवढीच तिची मिळकत. नगर, बीड, पुणे या भागांत तिच्यासारखे जे थोडे परदेशी स्वयंसेवक होते त्यांनी, आणि पाणलोटाच्या कामात पडलेल्या आपल्याकडील गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, दोन दिवस एकत्र बसावे असे कोणाच्या तरी मनात आले होते. जागा ठरली राळेगणची. ताईचे मराठी तोवर ‘दुखतं कुठं?’ आणि ‘गोळी जेवणानंतर’ यांच्या पलीकडे गेलेले नव्हते. म्हणून दवाखान्याच्या मुख्य धर्मभगिनींनी मला बोलावून म्हटले, “गुरुजी, दोन दिवस रजा काढा आणि हिच्याबरोबर जा.”

तेव्हाच्या अहमदनगरहून (आज त्याला अहिल्यानगर म्हणतात) आम्ही सकाळच्या एस.टी.ने निघालो. केडगाव मागे पडले, चास गेले, आणि पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पारनेर तालुक्याचे ते उघडे माळ दिसू लागले. फेब्रुवारीतच त्यांचा रंग भाजलेल्या भाकरीसारखा होतो. सह्याद्रीने पावसाळी ढग पश्चिमेलाच अडवून धरल्यामुळे या पट्ट्यात वर्षाकाठी चारपाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर लोक देवाचे आभार मानतात. ताई खिडकीतून पाहात होती. तिने विचारले, “येथे माणसे खातात काय?” मी म्हणालो, “बाजरी आणि ज्वारी. आणि एके काळी तुम्हां लोकांनी पाठविलेले धान्य.”

हे मी थोडे खवचटपणे म्हणालो खरे. पण त्यात खोटे काही नव्हते. 1972 च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई, तिच्या मागोमाग मीही जाई. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी त्या वर्षी घराघरांत शिजली. तिची भाकर थापताना तुटे आणि खाताना घशात अडके. दुपारी सुकडी मिळे. ती मात्र गोड लागे, आणि तिची चव मी अजून विसरलेलो नाही. त्याच काळात आम्हां ख्रिस्ती लोकांना एक टोमणा ऐकावा लागे: ‘तुमचं काय बाबा, तुमचा गहू विलायतेहून येतो.’ ज्यांच्या घरी तो गहू कधी पोहोचलाच नाही त्यांनाही तो ऐकावा लागे. परदेशातून कोणी मदतीस आले की माझ्या पिढीतील ख्रिस्ती माणसाच्या मनात कृतज्ञता आणि संकोच एकाच वेळी उभे राहतात, याचे कारण हे आहे.

ताईला मी हे सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग आपल्या घरातील एका पुठ्ठ्याच्या पेटीविषयी सांगितले. जर्मनीतील महागुरुस्वामींनी 1958 साली ‘मिझेरेओर’ नावाची संस्था काढली. चार हजारांना भाकरी देण्यापूर्वी ‘मला या समुदायाचा कळवळा येतो’ असे प्रभू येशूने म्हटल्याचे संत मार्काने सांगितले आहे. हे नाव त्याच कळवळ्यावरून आलेले. उपवासकाळात घरोघरी पेटी ठेवतात, आणि ज्या दिवशी मांस वा मिठाई वर्ज्य केली त्या दिवशीचे वाचलेले पैसे त्या पेटीत पडतात. “माझी आजी पेटी हलवून बघायची,” ताई म्हणाली. “आवाज कमी आला की आम्हां मुलांकडे संशयाने पाहायची.”

परदेशी स्वयंसेवक आपल्याकडे काही नवा नाही. 1934 च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा पिअर सेरेसोल नावाचा एक स्विस अभियंता तेथे आला आणि राजेंद्रप्रसादांच्या सहकार्याने उद्ध्वस्त गावे पुन्हा उभारण्याच्या कामाला लागला. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 साली, व्हर्दँजवळच्या एका बेचिराख खेड्यात निरनिराळ्या देशांच्या तरुणांना, त्यांत कालपर्यंत शत्रू असलेल्या जर्मनांनाही, सोबत घेऊन घरे दुरुस्त करण्याचे शिबिर त्याने भरविले होते. पुढे 1961 पासून 1976 पर्यंत अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चे चार हजारांवर स्वयंसेवक भारतात येऊन गेले. त्यांतील एक तर अडुसष्ट वर्षांच्या आजीबाई होत्या. लिलियन कार्टर त्यांचे नाव. 1966 साली त्या मुंबईत विक्रोळीला आल्या आणि गोदरेजच्या वसाहतीतील दवाखान्यात दोन वर्षे राबल्या. त्यांचा मुलगा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा विक्रोळीतल्या कित्येकांना ‘आपल्या बाईंचा मुलगा’ म्हणून त्याचे कौतुक वाटले असेल, असे मी आपला समजतो.

पण आमच्या जिल्ह्यात हा विषय निघाला म्हणजे एक नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय. 1948 साली ते भारतात आले आणि या दुष्काळी मुलखाचेच होऊन राहिले. अन्नाच्या बदल्यात काम, विहिरी, शेतीची अवजारे असे सारे करून पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, नुसत्या विहिरी खणून भागत नाही. डोंगरावर पाणी अडविले नाही तर विहीर तरी भरणार कशाने? भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम त्यांच्या खटपटीतून उभा राहिला. नाबार्ड त्यात सहभागी झाली, आणि 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी नगरला ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन केला. पैसा जर्मनीचा होता; पण तो मागणाऱ्या गावाला आधी चार दिवस श्रमदान करून दाखवावे लागे. मोकाट चराई बंद करावी लागे, कुऱ्हाड थांबवावी लागे, आणि काम डोंगरमाथ्यापासून पायथ्याकडे यायचे, गावातल्या वजनदार माणसाच्या शेतापासून नव्हे, हे मान्य करावे लागे. ज्यांना हे काय ते डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांना राळेगणला किंवा औरंगाबादजवळच्या आडगावला पाठवीत. फादर बाखर 2021 साली, नव्वदी कधीच ओलांडल्यावर, आपल्या मायदेशी निवर्तले. गव्हाच्या टोमण्याला आमच्या जिल्ह्यात जर कोणी उत्तर दिले असेल तर ते या माणसाने, आणि तेही तोंडाने एक शब्द न बोलता.

असो. वाडेगव्हाणच्या फाट्यावर आम्ही उतरलो आणि आत जाणारी जीप मिळाली.

राळेगणविषयी इतके लिहिले गेले आहे की, मी त्याचे वर्णन लांबवीत नाही. किसन बाबूराव हजारे सैन्यातून 1975 साली गावी परतले तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या, आणि त्या पेटविण्यासाठी संत यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा लोकांनी काढून नेले होते. अण्णांनी आपल्या फंडातील वीस हजार रुपये खर्चून प्रथम ते देऊळ उभे केले व त्याच्याच खोलीत राहू लागले. मग सरकारने बांधलेला, पण पाणी न धरणारा पाझर तलाव दुरुस्त झाला आणि त्याखालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी दिसले. तेथून पुढे चर, नालाबांध, झाडे, धान्य बँक. उसासारखे पाणी पिणारे पीक नको, असे गावाने ठरविले. दुकानात विडी-तंबाखू मिळेनाशी झाली. शाळेच्या वसतिगृहात इतरत्र नापास झालेल्या मुलांना मुद्दाम प्रवेश देऊ लागले. शिक्षक असल्यामुळे मला साऱ्या बांधांपेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची वाटली. गुणवत्ता यादीची जाहिरात करणाऱ्या शाळा मी पुष्कळ पाहिल्या आहेत; नापासांची वाट पाहणारी शाळा तेवढी एकच पाहिली.

गाव दाखविणाऱ्या तरुणाने देवळाजवळ आम्हांला थांबविले आणि दारू सोडविण्याचा इतिहास सांगितला. समजावून जो ऐकला नाही त्याला खांबाला बांधून चोप दिला जाई. यात लपविण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नव्हते, आणि अण्णांनी स्वतःही ते कधी लपविलेले नाही. आई मुलाला मारते तसे हे, असे त्यांचे म्हणणे. मी भाषांतर केले. ताई बराच वेळ त्या खांबाकडे पाहात राहिली. मग हळूच म्हणाली, “मारलेल्या माणसाच्या बायकोला काय वाटले असेल?”

मी तो प्रश्न त्या तरुणाला विचारला. तो हसून म्हणाला, “ताई, बायकाच सांगायला यायच्या की, आमच्या मालकाला बांधा म्हणून.”

यावर आम्हां दोघांनाही काही बोलता आले नाही. दारुड्याच्या घरातील बाईचे रोजचे मरण मी माझ्या वस्तीत पाहिले आहे. त्यामुळे ‘हिंसा वाईट’ एवढे म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. तरीही पट्ट्याच्या भीतीने सुटलेली दारू आणि मनाने सोडलेली दारू यांत अंतर आहे, असे मला तेव्हाही वाटले व आजही वाटते. पश्चात्ताप हा संस्कार आपल्या ख्रिस्तसभेत आहे तो याचसाठी, की माणसाने स्वतःच्या पायांनी उठून परत यावे. उधळ्या पुत्राच्या बापाने गडी पाठवून त्याला बांधून आणले नाही. पण तो बाप श्रीमंत होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच्या घरची चूल मुलावाचून विझलेली नव्हती.

सायंकाळी सगळे सतरंजीवर बसले. साठसत्तर माणसे असतील, त्यांत गोरे चेहरे पाचसहा. कोणी मोठ्या नावाचा वक्ता नव्हता, हे बरे झाले. ‘ए’ आकाराच्या लाकडी चौकटीला ओळंबा बांधून समपातळी कशी काढावी, चराची माती उताराच्या अंगाला कशी लावावी, बकऱ्यांना बंदी केली की धनगरांशी भांडण कसे होते, अशा कामाच्या गोष्टी चालल्या होत्या. मग श्रमदानाचा विषय निघाला, आणि एकामागून एक जण उठून आपल्या गावाने किती दिवस श्रमदान केले ते सांगू लागला.

तेव्हा मागच्या बाजूने एक म्हातारा उठला. बीडकडचा असावा. डोक्याला मळका पटका, हातात काठी. म्हणाला, “मला एक इचारायचंय. माझ्या आज्यानं पाटलाच्या वाड्यावर लाकडं फोडली, फुकट. मेलेलं ढोर वढलं, सायबाच्या घोड्याम्होरं पळला, समदं फुकट. आता आम्ही डोंगर खांदायचा, त्यो बी फुकट. पानी उतरनार इहिरीला. इहीर कुनाची? माझ्याकडं तर हातभर जमीन न्हाई. मंग ह्याला श्रमदान म्हनायचं का वेठ?”

सभा गप्प झाली. ताईने माझ्याकडे पाहिले. तिला भाषांतर हवे होते.

म्हाताऱ्याचा प्रश्न मला भाषांतरावाचूनच कळला होता. माझे आजोबा येसकर होते. महारवतनाच्या नावाखाली पिढ्यान् पिढ्या जी फुकटची राबणूक चालली होती ती बंद व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले. ते पाठपुरावा करीत राहिले, पण वतने कायद्याने संपली ती 1958 साली, त्यांच्या निधनानंतर. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तरी गावाने त्यांची वेठ चुकविली नव्हती. चर्चमध्ये ते ‘जोसेफ’ होते, चावडीवर मात्र पूर्वीच्याच नावाने त्यांना हाक येई. आणि आज आपल्या धर्मग्रामांतून श्रमदानाची हाक दिली जाते तेव्हा जुनी माणसे थोडी मागे का रेंगाळतात, हे नव्या धर्मगुरूंना कळत नाही. ते आळसाने रेंगाळत नाहीत.

‘वेठ’ या शब्दाला मी इंग्रजीत ‘फोर्स्ड लेबर’ म्हणालो. दुसरा शब्द त्या भाषेत मला ठाऊक नव्हता. तो ऐकून तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून धरून आणलेली माणसे त्यांच्या गावातील शेतांवर राबविली जात, हे तिला आजीकडून कळले होते, आणि जर्मन माणसाच्या कानाला त्या शब्दातून तेच ऐकू येते. मी म्हणालो, तसे नव्हे. येथे बंदूक नव्हती, तारेचे कुंपण नव्हते. होती ती रीत. बापाने केले म्हणून मुलाने करायचे. तिने वही काढली, माझ्याकडून ‘वेठ’ हा शब्द देवनागरीत लिहून घेतला, आणि त्याच्यापुढे जर्मन शब्दासाठी जागा कोरी सोडली.

म्हाताऱ्याशेजारी बसलेल्या एका बाईने तेवढ्यात ताईला थेटच विचारले, “काय गं लेकी, तुला पगार किती?”

“पगार नाही,” मी सांगितले.

“मंग तुझ्या माईच्या गाईचं श्यान कोन काढतं आता?”

हे मी ताईला सांगितले तेव्हा ती मोठ्याने हसली. भाऊ काढतो, आणि तो रागावलेला आहे, म्हणाली. सगळी सभा हसली. म्हातारा मात्र हसला नाही. “म्हंजी तू बी वेठीलाच की,” तो म्हणाला.

ताई थोडा विचार करून उत्तरली, “नाही. मला केव्हाही परत जाता येते. माझ्याकडे तिकीट आहे.”

मी ते मराठीत सांगितले. तिच्या जागी मी असतो तर सेवा, त्याग, प्रभूचे प्रेम असे काही तरी बोललो असतो, आणि ते खोटेही नसते. पण त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला ते उत्तर झाले नसते. त्याने मान हलविली. “मंग झालं,” म्हणाला आणि खाली बसला.

चर्चा तेथे संपली नाही. पुरंदरकडच्या एका कार्यकर्त्याने नायगावची हकिगत सांगितली. विलासराव साळुंखे हे पुण्याचे कारखानदार अभियंते. 1972 च्या दुष्काळानंतर त्यांनी तेथे पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा पाणी जमिनीच्या हिशेबाने न वाटता घरातील माणसांच्या हिशेबाने वाटायचे ठरविले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. ऊस कोणीच लावायचा नाही. हे ऐकताना म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. सभेतील जमीनवाल्यांचे चेहरे काही फार उजळले नाहीत. पाणलोटाच्या कामात भूमिहीनाला काय मिळते, हा प्रश्न तेव्हा अवघड होता व आजही तो सुटला आहे असे म्हणवत नाही. भारत-जर्मन कार्यक्रमाने भूमिहीनांना आणि एकट्या बाईच्या घराला श्रमदानाच्या वाट्यातून सूट ठेवली, चरांच्या खोदाईची मजुरी दिली. पण विहीर ज्याची त्याचीच राहिली.

तो शुक्रवार होता. जेवण शाकाहारी होते, तेव्हा मांसत्यागाचा प्रश्न राळेगणानेच सोडविला होता. रात्री वसतिगृहाच्या ओसरीवर ताई, मी आणि केरळहून आलेली एक परिचारिका अशा तिघांनी कंदिलाच्या उजेडात क्रुसाची वाट केली. एकाजवळ जर्मन पुस्तक, एकीजवळ मल्याळी, माझ्याजवळ मराठी. पाचव्या स्थानाशी आलो आणि मी अडखळलो. कुरेनेचा शिमोन शेतावरून येत होता. आफ्रिकेचा, परका माणूस. शिपायांनी त्याला ‘वेठीस धरले’, असे आपल्या मराठी शुभवर्तमानात म्हटले आहे. मी ते लहानपणापासून वाचीत आलो होतो. त्याने होकार दिला नव्हता, त्याला कोणी विचारलेही नव्हते. तरी संत मार्क त्याच्या मुलांची नावे सांगतो, आलेक्सांद्र आणि रूफ. पहिल्या ख्रिस्ती मंडळीला ती मुले ओळखीची असणार, एरवी नावे सांगण्याचे कारण काय? वेठीला धरलेल्या त्या माणसाच्या घरात पुढे काय घडले असेल, याचा मी त्या ओसरीवर पुष्कळ विचार केला. माझ्या आजोबांचाही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे टेकडीवर गेले. ताई कुदळ चालविण्यात आम्हां मास्तर लोकांपेक्षा पुष्कळ सरस होती. म्हातारा काही खणायला आला नाही. तो एका खडकावर बसून चौकटीचा ओळंबा मधोमध येतो की नाही ते पाहात होता, आणि जेथे तो ढळला होता तेथे काठीने दाखवून देत होता. कोणी त्याला ‘बाबा, या खाली’ म्हटले नाही, हे मला आवडले.

ताई वर्ष संपल्यावर परत गेली. तिचे तिकीट होतेच. राळेगण पुढे आणखी प्रसिद्ध झाले. 2011 साली तर दिल्लीच्या उपोषणांमुळे जगभरचे वार्ताहर त्या वाडेगव्हाणच्या फाट्यावर उतरले. पण ती निराळी कथा.

तिची पत्रे नाताळला येत, पुढे पुढे वर्षाआड. त्यांतले एक मी जपून ठेवले आहे. आजीच्या आजारपणात तिच्याजवळ बसून तिने राळेगणची ती सभा तिला सांगितली होती. वहीतील कोऱ्या जागेत घालायला शब्द मिळत नव्हता, तो आजीने चटकन् सांगितला: ‘फ्रोनडीन्स्ट’. जमीनदाराच्या शेतावर आठवड्याचे ठरलेले दिवस फुकट राबायचे, अशी ती रीत. जर्मनीत ती एकोणिसाव्या शतकात संपली. आजीच्या पणजोबांनी ती केली होती. घरात फक्त शब्द उरला होता. ‘फ्रोन’ म्हणजे धन्याचे, मालकाचे. आणि मग, पत्रात तिने लिहिले होते, आजी थोडी थांबली व म्हणाली, “ख्रिस्तशरीराच्या सणाला आपण काय म्हणतो गं?” त्या सणाचे जर्मन नाव ‘फ्रोनलाइखनाम’, धन्याचे शरीर. शब्द तोच. ताईने तो वहीत लिहिला होता, आणि मराठीत या सणाला काय म्हणतात ते मला उलट टपाली कळवायला सांगितले होते.